बांधावरचं अंतर

केंद्रप्रमुख दिनानाथ सर वासखारच्या शाळेत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि अर्ध्या मुलांचं लक्ष ओट्यावर शिजणाऱ्या खिचडीकडे होतं. वडखळचा फाटा मागे टाकून खाडीच्या अंगाला आत शिरलं की रस्ता संपतो, तिथे वासखार. शाळा म्हणजे एक खोली, एक ओटा आणि पहिली ते चौथीची चौदा मुलं. दुसऱ्या शिक्षकांची बदली झाल्यापासून ती जागा रिकामीच होती. चारही वर्ग नूतन बाई एकट्याच सांभाळत.

सरांनी हजेरी पाहिली, वह्या चाळल्या आणि चौथीच्या पाच मुलांसमोर उभे राहिले.

"दोन मीटर पाच सेंटिमीटर म्हणजे एकूण किती सेंटिमीटर?"

सगळ्यांच्या आधी किमयाचा हात वर गेला. तिचा हात नेहमीच आधी जायचा.

"पंचवीस!"

 सरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. नम्रता, सुजय आणि आदेश यांनी एका सुरात "पंचवीस" म्हटलं. साहिल जरा थांबला आणि म्हणाला, "दोनशे पन्नास?"

"एक मीटर म्हणजे किती सेंटिमीटर?" सरांनी विचारलं.

"शंभर!" पाचही जण ओरडले. हे त्यांना घडाघडा येत होतं.

"मग दोन मीटर पाच सेंटिमीटर पंचवीस कसे होतील?"

 किमयाचा हात हळूहळू खाली आला.

सर ओट्यावर आले. माणूस वाईट नव्हता. अठरा शाळा फिरून दमलेला होता. "मॅडम, चौथीला एवढं यायला पाहिजे," ते हळू आवाजात म्हणाले आणि बॅगेतून एक कागद काढून नूतनच्या हातात दिला. "आणि हे. तुम्हाला आज ना उद्या कळणारच होतं."

कागदावर कमी पटाच्या शाळांची यादी होती. जूनपासून त्या बंद होऊन मुलं जवळच्या शाळेत जाणार होती. सातव्या नंबरला वासखार. जवळची शाळा करंजवाडी. अंतर ०.९४० किमी.

"सर, करंजवाडी एवढी जवळ नाही," नूतन म्हणाली.

"तुम्ही मोजलंय?"

नूतनने कागदावरचा आकडा परत वाचला.

"नकाशावर मोजलंय त्यांनी. लहान मुलांची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि ही आत बसते. तुमची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या. पण जास्त वाटतं, लांब पडतं असलं काही लिहू नका. आकडा द्या."

दाराआड किमया उभी होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नूतन रोह्याची. सासर-माहेर दोन्ही तिकडचंच. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला, आणि ती रोज सकाळी गाडीने पेणला उतरून, रामवाडीहून मिनीडोर रिक्षा पकडून वडखळपर्यंत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने शाळेत. सात वर्षं हे चाललं होतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत तिला तो यादीतला आकडा आठवत नव्हता, 'पंचवीस' आठवत होतं. दहा मिलिमीटर एक सेंटिमीटर, शंभर सेंटिमीटर एक मीटर, हजार मीटर एक किलोमीटर. हे तिनेच टाळ्या वाजवून पाठ करून घेतलं होतं. पुस्तकातली गणितं फळ्यावर सोडवली होती, मुलांनी ती उतरवली होती आणि तिने लाल पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. पण या मुलांनी तिच्या वर्गात आजवर एकही वस्तू हातात घेऊन मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी किमया शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवणाच्या सुट्टीत ठमाबाईंना मुलांवर लक्ष ठेवायला सांगून नूतन मिठागराकडे निघाली. ठमाबाई शाळेत खिचडी करायच्या, आणि गावात कोण कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत असायचं.

"आज्यासंगं हाय ती," त्यांनी सांगितलं. "कालपासना धड जेवलीपन नाय पोर."

मिठाचे वाफे उन्हात पांढरे झाले होते. तिचे आजोबा कान्हूबाबा फावड्याने मीठ ओढून ढीग करत होते आणि किमया बांधावर गुडघ्यात तोंड घालून बसली होती. बाई दिसताच ती उठून झोपडीमागे गेली.

"कान्हूबाबा, शाळेत का नाही पाठवलं तिला?"

म्हाताऱ्याने फावडं टेकवलं. "म्या पाठवत होतो बाय. ती जात नाय. बोलते, माज्यामुलं शाला बंद होतेय. मी खोटं उत्तर दिलं, म्हनून सायबानी कागूद दिला."

 नूतन झोपडीमागे गेली आणि किमयाशेजारी मिठाच्या रिकाम्या पोत्यावर बसली.

"किमया, तो कागद सरांच्या बॅगेत आधीपासून होता. तू उत्तर देण्याआधीच."

"खरं?"

"खरं. आणि चुकलं ते तुझं नाही, माझं. मी तुम्हाला पाठ करायला लावलं, मोजायला शिकवलंच नाही. आता शिकवणार आहे. आणि मला करंजवाडीचं अंतर मोजून द्यायचंय, ते मला एकटीला जमणार नाही. येतेस?"

किमयाने नाक पुसलं. "कशानं मोजायचं?"

"ते अजून मलाही माहीत नाही. आधी मोजायला शिकू, मग बघू."

निघताना नूतनने सहज विचारलं, हे वाफे आखताना तुम्ही कसं मोजता. कान्हूबाबा झोपडीच्या कुडाला टेकवून ठेवलेल्या एका लांब काठीकडे वळले. "ही आमची काठी. पाच हात, पाच मुठी. माज्या बापाच्या हाताची."

"तुमच्या हाताची केली तर?"

"आखूड व्हईल. बाप उंच होता." त्यांना हसू आलं. "म्हनून तर भांडनं व्हायची आगरात. ज्याची काठी लांब, त्याचा वाफा मोठा."

त्याच संध्याकाळी, अजून कोणी विचारलं नसताना, किमयाने शाळेतली पट्टी घरी नेली आणि आज्याची काठी मोजली. सकाळी येऊन तिने सांगितलं, "दोनशे शहाऐंशी सेंटिमीटर." मग जरा थांबून, "पट्टी नीट ठेवली होती का, बाई, ते नाय मला माहीत."

तेच कोणाला माहीत नव्हतं. नूतनने एकच पेन्सिल तिसरी-चौथीच्या आठ मुलांमध्ये फिरवली आणि प्रत्येकाला लांबी लिहायला सांगितलं. उत्तरं आली अकरा, बारा, साडेअकरा आणि एक तेरा. साहिलने पट्टीच्या लाकडी कडेपासून मोजलं होतं. नम्रताने एकच्या रेघेपासून, कारण मोजायला सुरुवात एकपासूनच करतात. आदेशने डोकं तिरपं करून बाजूने वाचलं होतं.

"पेन्सिल एक, आणि लांब्या चार?" नूतनने विचारलं.

"आमच्यातला एकच बरोबर," नम्रता म्हणाली.

"कोण?"

यावर बराच वेळ वाद झाला. नूतन मध्ये पडली नाही. शेवटी सुजयने शोधून काढलं. पेन्सिलीचं बूड एकच्या रेघेवर ठेवलं तर पहिला सेंटिमीटर मोजला जायच्या आधीच एक म्हटलं जातं. "शून्यावर ठेव गो!" तो नम्रतावर ओरडला. मग सगळ्यांनी शून्यावर ठेवून, डोळा बरोबर वर आणून मोजलं. आठही जणांचं अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर आलं. एवढ्याशा गोष्टीचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी डस्टर, डबा, दप्तराचा पट्टा आणि ठमाबाईंचा पळीचा दांडाही मोजून टाकला.

पुढचे दोन दिवस त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापल्या, एकाला एक चिकटवल्या आणि प्रत्येकाने स्वतःची एक मीटरची पट्टी केली. शंभर रेघा, प्रत्येक दहावी लाल. ज्याची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीला लावल्यावर कमी-जास्त निघाली त्याने ती परत केली. आदेशने तीनदा केली.

मग नूतनने किमयाला फरशीवर उभं केलं. "दोन मीटर पाच सेंटिमीटर लाव."

किमयाने भिंतीपासून एक पट्टी अंथरली, तिच्या टोकाला दुसरी, आणि तिसऱ्या पट्टीवरचे पाच मोजून तिथे खडूने रेघ मारली.

"आता पंचवीस सेंटिमीटर कुठे येतात ते दाखव."

किमया परत भिंतीकडे आली. पंचवीसची रेघ भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर होती. तिने त्या रेघेकडे पाहिलं, मग खोलीच्या मधोमध असलेल्या खडूच्या रेघेकडे. तिचे कान लाल झाले. कोणी हसलं नाही.

"ही एक पट्टी शंभर," ती हळूहळू म्हणाली. "ही दुसरी शंभर. आणि वरती पाच. दोनशे पाच." मग एकदम जोरात, "दोनशे पाच, बाई! मधलं शून्य कुठं गेलं ते मला कलतच नव्हतं!"

"आणि तीन मीटर चाळीस?"

"तीनशे चाळीस."

"शून्य पूर्णांक नऊशे चाळीस किलोमीटर?"

इथे ती अडली. पण साहिलने सांगितलं, किलोमीटर म्हणजे हजार पट्ट्या, मग हे नऊशे चाळीस पट्ट्या. हजाराला साठ कमी.

"एवढंच करंजवाडी?" नम्रता म्हणाली. तिची मोठी बहीण तिथे सहावीत होती. "माझी ताई चालून चालून दमते."

पंधरातले सहा दिवस गेले होते. नूतनने पेणच्या बाजारात तीस मीटरची टेप विचारली. दुकानदार म्हणाला, मागवून देतो, आठवडा लागेल. फोनवरच्या चालण्याच्या ॲपने एकदा एक किलोमीटर तीनशे दाखवलं आणि एकदा एक किलोमीटर नऊशे. खाडीजवळ रेंजच नसायची. घरात तीन मीटरची स्टीलची टेप होती. ती तिने पिशवीत टाकली. कान्हूबाबांनी होडीची नायलॉनची दोरी दिली. मुलांनी स्टीलच्या टेपने त्यावर वीस मीटर मोजून गाठ मारली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, ओहोटी बघून, ते निघाले. आठ मुलं, नूतन, आणि पुढेमागे लक्ष ठेवायला कान्हूबाबा आणि ठमाबाई. वासखारहून करंजवाडी समोर दिसते. देवळाचा कळस, शाळेचं निळं छप्पर, सगळं दिसतं. पण मध्ये खाडीचा फाटा आहे. पायाने जायचं तर बांधावरून उघाडीपर्यंत, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापर्यंत, आत जावं लागतं, उघाडीच्या अरुंद भिंतीवरून फाटा ओलांडावा लागतो आणि पलीकडच्या बांधावरून परत बाहेर यावं लागतं. नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याने ती पाण्यावरून सरळ ठेवली होती.

साहिल आणि सुजय दोरी ओढत होते, किमया वहीत प्रत्येक दोरीला एक रेघ मारत होती. करंजवाडीच्या शाळेच्या पायरीवर पोचल्यावर मोजणी झाली एकोणऐंशी दोऱ्या आणि वर नऊ मीटर.

"एक हजार पाचशे एकोणनव्वद मीटर," किमयाने हिशेब केला. "एक किलोमीटर पाचशे एकोणनव्वद."

सगळ्यांनी आरडाओरडा केला. ठमाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "चला, किलोमीटरच्या वर हाय. झालं काम."

"परत जातानाही मोजायचं," नूतन म्हणाली.

परतताना दोरी नम्रता आणि आदेशकडे होती. आल्या एकोणऐंशी नव्हे, एक्याऐंशी दोऱ्या आणि एक मीटर. एक किलोमीटर सहाशे एकवीस मीटर.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. रस्ता तोच, मग बत्तीस मीटर आले कुठून?

"मधलं काहीतरी लिवा," ठमाबाई म्हणाल्या. "नायतर सरळ दोन किलोमीटर लिवा ना बाई. कोन येतंय मोजायला?"

"उद्या कोणी आलंच मोजायला, तर यांच्या तोंडाकडे मला बघता येणार नाही," नूतन म्हणाली. ती दमली होती, तिची संध्याकाळची गाडी चुकत होती, आणि आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला. पण शब्द तिने मागे घेतला नाही.

सोमवारी किमया शाळा भरायच्या आधीच येऊन बसली होती. तिच्यासमोर ती दोरी होती. "बाई, सायल्या आणि सुजय लय जोरात ओढत होते. नम्रता नाय ओढत." तिने दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं. साहिल आल्यावर तिने त्याला दुसरं टोक ओट्यापलीकडे अंगणात नेऊन शनिवारसारखं ओढायला लावलं, आणि टेपने मोजलं. वीस मीटरची दोरी वीस मीटर साठ सेंटिमीटर झाली होती.

"प्रत्येक येळेला साठ सेंटिमीटर जादा गेले," किमया म्हणाली आणि वहीत गुणाकार मांडायला लागली. एकोणऐंशी गुणिले साठ. "चार हजार सातशे चाळीस सेंटिमीटर. म्हणजे..." तिने शून्यं खोडली नाहीत, पट्टीकडेही पाहिलं नाही. डोळे मिटून पुटपुटली. "शंभर-शंभरचे सत्तेचाळीस, आणि चाळीस उरले. सत्तेचाळीस मीटर चाळीस सेंटिमीटर. एवढं कमी मोजलं आम्ही."

नूतनला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. तिने तसं केलं नाही. म्हणाली, "हिशेब बरोबर आहे. पण साहिल प्रत्येक वेळी तेवढंच ओढत होता, याची खात्री आहे?"

किमयाने साहिलकडे पाहिलं. साहिलने मान हलवली. "नाय बाई. शेवटी हात दुखायला लागले होते."

"मग परत मोजायचं. जे ताणत नाही अशा कशाने तरी."

ते कान्हूबाबांनी दिलं. त्यांनी दोन सरळ बांबू तोडून आणले, गाठी तासल्या आणि मुलांनी टेपने बरोबर पाच मीटर मोजून ते कापून घेतले. एक बांबू जमिनीवर ठेवायचा, दुसरा त्याच्या टोकाला टेकवायचा, मग पहिला उचलून पुढे न्यायचा. वीस बांबू झाले की शंभर मीटर, तिथे एक खुंटी ठोकायची आणि तिला लाल चिंधी बांधायची. काम फार सावकाश चाललं. मंगळवारी दुपारपर्यंत उघाडीपर्यंतच पोचले, कारण भरती यायला लागली आणि कान्हूबाबांनी हात करून सगळ्यांना मागे बोलावलं. बुधवारी उरलेलं जाणं पुरं झालं. गुरुवारी आणि शुक्रवारी येणं. आदेशचा पाय चिखलात रुतून चप्पल गेली. सुजयला दोनदा वाटलं की आपण बांबू मोजायला विसरलो, आणि दोन्ही वेळा मागच्या खुंटीपासून परत मोजावं लागलं. दुसऱ्यांदा तो रडकुंडीला आला. तेव्हा नम्रताने त्याच्या हातातून बांबू घेतला आणि पुढे चालू लागली.

जाताना एक किलोमीटर सहाशे अडतीस मीटर. येताना एक किलोमीटर सहाशे छत्तीस.

"आता दोन मीटरचा फरक," नूतन म्हणाली. "काय लिहायचं?"

"दोन्ही लिवायचे," किमया म्हणाली.

नूतनने दोन्ही लिहिले. कशाने मोजलं, कोणत्या दिवशी, कुठून कुठपर्यंत, हेही लिहिलं. उधाणाच्या भरतीला बांधावर दोन ठिकाणी पाणी चढतं, तेही लिहिलं आणि खाली आठही मुलांच्या सह्या घेतल्या. शनिवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तिने ते पत्र स्वतः नेऊन दिनानाथ सरांना दिलं.

दिनानाथ सर पुढच्या गुरुवारी आले. या वेळी त्यांच्याकडे तीस मीटरची टेप होती.

"बांबूने मोजलंत?" त्यांच्या आवाजात थोडी थट्टा होती. "चला, दाखवा."

मुलं पुढे, सर मागे. बांधावर त्यांचे पॉलिशचे बूट चिखलाने भरले. चौथ्या खुंटीजवळ ते थांबले. "इथून पाचव्या खुंटीपर्यंत मोजू. शंभर मीटर यायला पाहिजेत."

साहिल आणि नम्रताने टेप धरली, सरांनी स्वतः वाचली. तीस, साठ, नव्वद, आणि मग उरलेले दहा मीटर वीस सेंटिमीटर. शंभर मीटर वीस सेंटिमीटर.

"वीस सेंटिमीटर चुकले," सर म्हणाले.

 नूतनला तोंड उघडावंसं वाटलं, पण तिने ओठ मिटून धरले. हे मुलांचं काम होतं.

किमया चौथ्या खुंटीपासून पाचवीपर्यंत चालत गेली आणि परत आली. "सर, इथं बांध वळतो. टेप तुम्ही वळवून लावली. आमचा बांबू वळत नाय. तो सरळ जातो, म्हणून वळणावर जरा कमी मोजतो."

सरांनी बांधाकडे पाहिलं. खरंच तिथे बांध उघाडीकडे वळत होता. "बरं. असं प्रत्येक शंभर मीटरला वीस सेंटिमीटर कमी मोजलं असेल, तर सगळे मिळून किती?"

"सोळा वेळा वीस," ती म्हणाली. "तीनशे वीस सेंटिमीटर. तीन मीटर वीस सेंटिमीटर." आणि लगेच, "पण सर, सगळीकडं वळण नाय. पुढं बांध सरळ हाय. म्हणून एवढे नाय येणार."

सर तिच्याकडे पाहत राहिले. तीन आठवड्यांपूर्वीचा तो हात त्यांना आठवला की नाही, कोण जाणे. "म्हणजे अंतर तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा जास्तच आहे. ते तुमच्या फायद्याचं. मग वाढवून का नाही लिहिलं?"

"मोजलं नाय ते लिवायचं नाय," किमया म्हणाली.

सरांनी टेप गुंडाळली. उरलेलं अंतर त्यांनी मोजलं नाही, पण करंजवाडीपर्यंत पूर्ण चालत गेले. उघाडीच्या भिंतीवरून जाताना त्यांनी खालच्या पाण्याकडे बघितलं आणि पहिलीतली मुलं कशी जातील, असं कान्हूबाबांना विचारलं.

"आमी खांद्यावर नेऊ," म्हातारा म्हणाला. "पन रोज?"

परत आल्यावर सर नूतनला म्हणाले, "मी पाहिलं ते अहवालात लिहीन. निर्णय माझ्या हातात नाही, मॅडम. ते लक्षात ठेवा."

त्यानंतर सहा आठवडे काहीच आलं नाही. नूतनने दोनदा कार्यालयात जाऊन विचारलं. पहिल्यांदा फाइल वर गेली आहे असं कळलं, दुसऱ्यांदा साहेब रजेवर. गावातले दोन पालक मुलांची नावं काढून घ्यायचं बोलू लागले. नूतन त्यांच्या घरी गेली, शनिवारी एकदा, रविवारी एकदा. रविवारी नवऱ्याची सुट्टी असायची. तो तिच्याबरोबर मोटारसायकलवर रोह्याहून आला आणि ती बोलत होती तेवढा वेळ अंगणात बसून राहिला. दोन्ही नावं राहिली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. नूतनने ते आधी मनात वाचलं, मग परत एकदा, शब्दावर बोट ठेवून. मग वर्गात मोठ्याने. वासखारची शाळा येत्या वर्षासाठी यादीतून वगळली होती. येत्या वर्षासाठीच, पुढचं पुढे. दुसऱ्या शिक्षकाबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

मुलं ओरडत ओट्यावर पळाली. किमया जागेवरच बसून होती.

"काय गं?"

"बाई, मी तर पाचवीला जाणार. जूनमधी मला करंजवाडीलाच जायचंय."

नूतन तिच्याजवळ खाली बसली. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. "हो. तुला चालावं लागणारच."

 "मी जाईन. मी मोठी हाय. गण्या नाय जाऊ शकत." गणेश तिचा धाकटा भाऊ. अंगणवाडीत होता, जूनमध्ये पहिलीत येणार होता.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती त्याला हाताला धरून घेऊन आली. गणेश दारातच तिच्या पाठीमागे लपला. नूतनने प्रवेशाचा अर्ज काढला आणि भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, पत्ता. पुढचा रकाना होता घरापासून शाळेच्या अंतराचा. आजवर तिने तिथे प्रत्येकाच्या अर्जात 'गावातच' असं लिहिलं होतं. आताही पेन त्याच शब्दाकडे वळलं.

"थांबा बाई," किमया म्हणाली. "मी मोजून येते." आणि गणेशला तिथेच सोडून ती ओट्यामागे टेकवून ठेवलेले बांबू आणायला पळाली. साहिल दिसला, त्यालाही तिने ओढत नेलं.

नूतनने पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसली. गणेश तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. अर्ध्या तासाने दोघं घामाघूम होऊन परत आली.

"दोनशे सतरा मीटर," किमया म्हणाली. "दोन्ही बाजूंनी मोजलं."

नूतनने तेवढंच लिहिलं.